येतो म्हणायचं

आमच्याकडं घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणायचं, आणि घरातल्यांनी ‘लवकर या’ म्हणायचं.

पप्पांची नोकरी सुदानला होती. तिथं लढाई पेटली आणि बंदूकवाल्यांनी पप्पा, आई आणि मला सतरा दिवस एका गोदामात कोंडलं. अठराव्या दिवशी सकाळी त्यांनी पप्पांना उठवलं. पप्पा अनवाणीच निघाले. दारातून म्हणाले, “येतो.” आईच्या तोंडून शब्द फुटला नाही. पप्पा परत आले नाहीत.

आता आम्ही दोघी औरंगपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी चहाच्या वेळी दारातून पप्पांचा आवाज म्हणतो, “येतो.” मग अनवाणी पावलं जिना उतरतात. वर चढताना ती कधीच ऐकू येत नाहीत.

पहिल्यांदा मी घाबरले. आई म्हणाली, “निशा, त्यात काय भ्यायचं? तवा म्हणायचं राह्यलं व्हतं.” आणि जिन्याकडं बघून म्हणाली, “लवकर या.”

आज दारातला आवाज बाईचा होता. “येते.”

चहा गाळता गाळता आईनं जिन्याकडं बघितलं.

“लवकर ये गं, निशा.”

मी तिच्यासमोर कप धरून बसले होते.