फौजदार चावेनासा झाला

पाण्याची वाटी उचलायला तिने पिंजऱ्यात हात घातला आणि फौजदार पुन्हा चावला. अंगठ्याच्या खाली, मागची जखम जेमतेम भरत आली होती तिथेच. वाटी कलंडली. ससा कोपऱ्यात सरला, कान पाठीला चिकटवून घशातून गुरगुरला आणि मागचा पाय फळीवर धाडकन आपटून त्याने तिला जणू बाहेरची वाट दाखवली.

त्याच्या या तोऱ्यावरूनच त्याचं नाव फौजदार पडलं होतं. ते ठेवणारी आता नव्हती. तिला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या आणि मुलीच्या संसारात, ही आली होती. नातेवाईक हिला नवी आई म्हणत. मुलगी काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळच येऊ देत नसे. ससा घरात बाकी कोणाच्या वाटेला जात नव्हता. बापाच्या पायांत घुटमळायचा, मुलीच्या कुशीत डोळे मिटायचा. नव्या आईचा हात दिसला की मात्र पिसाळल्यासारखा धावून यायचा.

मुलीने कापूस आणि औषध आणून दिलं, अगदी शहाण्यासारखं.

"तुमच्यावरच येतो तो," ती म्हणाली. आवाजात दुष्टावा नव्हता. थोडा अभिमान होता.

नवऱ्याचं म्हणणं, त्याच्या एका मित्राची गावाबाहेर रोपवाटिका आहे, तिकडे देऊन टाकू. जेवताना तो हे बोलला तेव्हा मुलीचा घास तोंडातच फिरू लागला. नव्या आईने ते पाहिलं. चावतो तो मला, तेव्हा ठरवायचं मी, असं म्हणून तिने विषय मिटवला आणि दुसऱ्या दिवशी सशाला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी दात पाहिले, पोट चाचपलं. दुखणं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, हात वरून घालता का? वरून येणारा हात म्हणजे सशाच्या लेखी घारच. आणि पिंजरा हे त्याचं घर. ज्या दारातून रोज ओळखीचे हात यायचे ते यायचे थांबले आणि परके हात येऊ लागले, तर त्याने समजायचं काय?

"काळीज सशाचंच आहे हो त्याचं," बाई म्हणाल्या. "घाबरला की पळायचं, आणि पळायला जागा नसली की चावायचं. तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका. त्याला येऊ द्या."

नवी आई लोकांचे कपडे शिवायची. दुपारी घर रिकामं झालं की ती पिंजऱ्याचं दार उघडून द्यायची आणि त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर काजं-बटणं करत बसायची. साफसफाई तो बाहेर पडल्यावरच. सुरुवातीला तो यायचा तो चालूनच यायचा. तिने पायांत जाड मोजे चढवले. चावला तरी पाय झटकायचा नाही, ओरडायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. डोळ्यांत पाणी यायचं ते येऊ दिलं. मग चावे हलके झाले. एकदा त्याने दोऱ्याचं रीळ पळवून कॉटखाली नेलं आणि त्या घरात ती पहिल्यांदा एकटीच मोठ्याने हसली. पुढे एकदा, आपल्या पिंजऱ्याच्या दाराला घासायचा तशी, त्याने तिच्या गुडघ्याला हनुवटी घासली. ही माझी, असं सांगायची सशांची रीत असते म्हणे.

आणि एका दुपारी त्याने डोकं जमिनीलगत करून तिच्या तळव्याखाली सरकवलं. तिने सुई बाजूला ठेवली. कपाळावरून एक बोट फिरवलं. तो पसरला, डोळे अर्धे मिटून बारीक दात कुरकुरवू लागला. लग्न होऊन आल्यापासून या घरात आपणहून असं कोणी तिच्याजवळ आलं नव्हतं.

शाळा त्या दिवशी लवकर सुटली. मुलगी दारात आली तेव्हा नव्या आईने ओठांवर बोट ठेवून तिला खुणेनेच जवळ बोलावलं. किती दिवस ती या क्षणाची वाट पाहत होती. आता त्याला कोणी कुठे पाठवणार नव्हतं.

मुलगी जवळ आली नाही.

"चावत नाही?"

"नाही गं. बघ ना."

"अजिबात?"

नव्या आईने हसून मान हलवली. मुलीने दप्तर खांद्यावरून काढलंच नाही. तशीच भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि सशाकडे बघत राहिली. बोलली ती नव्या आईशी नव्हे, सशाशी बोलल्यासारखी.

"बाबा आईला विसरले. आत्यापण विसरली. हा एकटा होता." तिने नाक बाहीला पुसलं. "आता मी एकटीनेच किती लक्षात ठेवायचं?"

नव्या आईचं बोट सशाच्या कपाळावर होतं तिथेच थांबलं. सशाला ते थांबणं आवडलं नाही. त्याने नाकाने तिचा हात ढोसला, थोडं थांबला आणि पुन्हा ढोसला.