तोलगडी

“पुन्हा जिंकला!” दंतवैद्याने टेबलावर हात आपटला तसे फासे उडाले. “मास्तर, तुझा राक्षस आडवा!”

मास्तर हसला. ओठांपुरतं. खेळातलं ते भुयार रचण्यात त्याचा अख्खा आठवडा गेला होता. नकाशा काढला होता, राक्षसाला वेगळा आवाजसुद्धा दिला होता. आणि कराटेवाल्याच्या तोलगड्याने त्या राक्षसाला पहिल्याच झटक्यात लोळवलं होतं.

रविवारी दुपारी चौघं मास्तरच्या जेवणाच्या टेबलाभोवती खेळायला बसत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्यासारखं बोलायचं, फासे टाकून लढायचं. गोष्ट रचणं, शत्रू उभे करणं आणि नियम ठरवणं हे मास्तरचं काम. एरवी तो एका कचेरीत इमारतींचे आराखडे काढायचा. इथे तो साऱ्या जगाचा मालक होता. पात्रांचे नवे क्लासही, म्हणजे ठरावीक ताकदी आणि नियम असलेले प्रकार, त्याने बनवले होते. मांत्रिकांचा एक, शिकाऱ्यांचा एक. ते खेळायला आजवर कुणी मागितले नव्हते.

कराटेवाल्याला खेळात आणलं मास्तरच्या बायकोने. ती फिजिओथेरपिस्ट. आधी त्याचा निखळलेला खांदा तिच्या दवाखान्यात आला, मग तो सगळाच घरी आला. थोड्याच दिवसांत त्याने घरी बनवलेला क्लास आणला, तोलगडी. हत्यार नाही, चिलखत नाही. समोरच्याचा घाव अंगावर घ्यायचा, त्याचा जोर साठवायचा आणि त्याच जोराने त्याला फेकून द्यायचं. तोलगडी पडला, तर पडण्यातूनही त्याला जोर मिळायचा.

“सकाळी कराटेचा क्लास, दुपारी हा क्लास,” दंतवैद्य म्हणाला. “याचं सगळंच क्लास!”

सगळे हसले. मास्तरला मात्र खुपलं ते वेगळंच. तोलगडी लढायला लागला की बायकोचे डोळे चमकायचे. ती श्वास रोखून फाशाकडे बघायची आणि डाव साधला की लहान मुलीसारखी टाळ्या पिटायची. मास्तरच्या कुठल्याच करामतीला तिने कधी अशा टाळ्या दिल्या नव्हत्या.

“हा क्लास फार भारी होतोय,” तो म्हणाला. “बाकीच्यांनी काय माशा मारायच्या? यापुढे एका लढाईत एकदाच जोर साठवायचा.”

कराटेवाल्याने मान डोलावली. “बघून सांगतो.”

“बघायचंय काय त्यात? नियम मी केलाय.”

“नाही, म्हणजे... बरोबर आहे, मास्तर.”

पुढच्या रविवारी तो नवा कागद घेऊन हजर. जोर एकदाच साठत होता, पण आता तो सोबत्याला उसना देता येत होता. दंतवैद्याच्या बुटक्या चोराने त्या उसन्या जोरावर किल्ल्याचा दरवाजा उखडला. पुढे कितीतरी दिवस दंतवैद्य ते पेशंटनाही सांगत होता. त्यांची तोंडं उघडी असल्यामुळे ते बिचारे ऐकत होते.

मास्तरने उसनवारी बंद केली. मग तोलगडी शत्रूला पाऊल उचलताना गाठू लागला, नेमकं सगळं वजन एका पायावर असतं तेव्हा. मास्तर कचेरीत आराखडे बाजूला सारून तो कागद वाचत बसायचा. एकेक ओळ ठोकून बघायचा, कुठे फट आहे का ते शोधायचा. दिवसभर ठोसे मारणाऱ्या माणसाला इतकं नाजूक सुचतं तरी कसं? फट सापडली की तो घरी येऊन बायकोला रंगवून सांगायचा. ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

“हो रे, तिथे चुकलंय खरं,” म्हणायची.

तेवढ्यावर त्याला रात्री झोप लागायची.

एका रविवारी त्याचा फासा घरंगळत खाली गेला. तो उचलायला मास्तर वाकला. टेबलाखाली बायकोचं पाऊल कराटेवाल्याच्या पावलावर होतं. तिने ते हलकेच दाबलं. जरा थांबली. पुन्हा दाबलं.

“मी वार करत नाही,” वर कराटेवाला म्हणाला. “थांबतो.”

मास्तर सरळ झाला. त्याचे कान तापले होते.

“यापुढे पडलेल्या तोलगड्याला जोर मिळणार नाही,” तो म्हणाला. “आत्तापासूनच.”

“अरे, पण तोच तर त्याचा जीव आहे!” बायको म्हणाली.

“तुला बराच पुळका आहे त्याचा.”

दंतवैद्य उगाच घड्याळाकडे बघायला लागला. कराटेवाल्याने बायकोकडे पाहिलं.

“तिच्याकडे काय बघतोस?” मास्तरने त्याच्यासमोरचा कागद उचलला आणि टराटरा फाडला. “तोलगडी या टेबलावर बंद. कायमचा.”

पाहुण्यांनी चपला घातल्या. दारातून कराटेवाला पुटपुटला, “सॉरी, डॉक्टर.” मास्तरला नाही, तिला.

दार लागलं. मास्तरला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. बायको खाली बसून कागदाचे तुकडे वेचत होती. एकेक तुकडा तळहातावर सरळ करत होती.

“कधीपासून चाललंय हे?” त्याने विचारलं.

“काय?”

“सोंग करू नकोस. तो आवडतो ना तुला? त्याचा तो तोलगडी हरला की तुझा जीव कासावीस होतो, दिसतं मला.”

तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता, रोजच्यासारखा.

“तोलगडी त्याचा नाही, माझा आहे. मी रचलाय,” ती म्हणाली. “मी दिला असता, तर तू न वाचताच ‘छान आहे’ म्हणाला असतास.”