पुण्याची मावशी

"मावशीला नक्की झालंय काय?" काशीरामांनी मुलाला विचारलं.

"कावीळ," सहदेव म्हणाला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पद्मजाची, म्हणजे त्याच्या बायकोची, पुण्याची मावशी ठणठणीत होती.

खरा बेत शर्टाच्या खिशात होता. दोन दिवस माथेरान, दोन दिवस पुणे. साकीनाक्याला औषधांच्या कारखान्यात तो प्रयोगशाळेत होता. प्रयोगाची मांडणी करावी तसा त्याने कागद केला होता. घाटकोपरहून नेरळ, तिथून डोंगरावरची छोटी गाडी, लॉजची खोली, मग कर्जतला पुण्याची गाडी.

लग्नाला सात महिने झाले होते. चाळीतली एकच खोली, मध्ये दोरीवर आईची जुनी साडी. पलीकडे आई, अलीकडे ही दोघं. बाबा बाहेर गॅलरीत चटई टाकायचे. गिरणी बंद पडल्यापासून दिवसाही घरातच असायचे. बायकोशी चार वाक्यं मोठ्याने बोलायची आहेत, हे बापाला सांगायचं कसं?

"नेरळ वाटेतच लागतं," काशीराम म्हणाले. "सूनबाईला माथेरान दाखव की. मावशी कुठे पळून जात नाही."

सहदेव खाली वाकून पिशवीचे बंद आवळत राहिला.

"चार दिवस पुरतील ना रे?" भाकऱ्या फडक्यात बांधताना आईने, विमलाबाईंनी विचारलं. "आजाऱ्याकडून घाईने उठू नये."

"आणि परत निघण्याआधी तार कर. पिशव्या घ्यायला स्टेशनवर येईन," काशीराम म्हणाले.

"तार कशाला, बाबा?"

"कर म्हटलं ना!"

सकाळी नऊला दोघं बसस्टॉपवर उभी होती. पद्मजाने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तोंड बघा तुमचं. कावीळ तुम्हालाच झाल्यासारखी दिसतेय."

"तू थांब इथे. मी बाबांना खरं सांगून येतो."

"वेड लागलंय का? गाडी चुकेल!"

"चुकू दे. सात महिने म्हातारा गॅलरीत झोपतोय, आणि मी त्याला थापा मारतोय. वर तो पिशव्या उचलायला येणार! लाज वाटते गं."

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. वाटेत वाक्यही जुळवलं: बाबा, मावशी बरी आहे, आम्हालाच जरा एकटं राहायचं होतं.

खोलीचं दार बंद होतं. चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे. लागलेलं दिसलं की शेजारी चौकशीला यायचे. बाबांना काही झालं की काय? त्याने कडी वाजवायला हात उचलला.

आतून आईचं हसू आलं. इतकं बारीक, पोरीसारखं हसू त्याने तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"अहो, दार लावलंत खरं. शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत गं, विमल," बाबा म्हणाले. "किती वर्षांनी दोघंच आहोत."