काळं अस्तर

माशांच्या टाकीतलं पाणी इतकं हिरवं झालं, की आतले दोन्ही मासे दिसेनात. दुकानदार म्हणाला, "चार दिवस टाकी झाकून ठेवा. उजेड नाही, खाणं नाही आणि डोकावणं तर मुळीच नाही."

शिंप्याच्या घरात कापडाला काय तोटा! मी काळं अस्तर दुहेरी गुंडाळून टाचण्या लावल्या.

"उपाशी मारशील रे बिचाऱ्यांना," ताई त्याआधीच कुरकुरली होती. मी तिच्यावर खेकसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मशीन थांबवलं, तेव्हा टाकीतून आवाज आला. टक, टक. भूक लागली की मासे काचेवर तोंड आपटतात. मला वाईट वाटलं. ताईच्या नकळत मी अस्तरावरून बोटाने दोनदा वाजवलं. आतूनही दोनदा वाजलं.

मग तो खेळच झाला. मी तीनदा वाजवलं की आतून तीनदा.

चौथ्या दिवशी दुपारी मी पाचदा वाजवलं आणि बोट तिथेच ठेवून उत्तराची वाट बघत राहिलो. तेवढ्यात मागून ताई आली.

"ओरडू नकोस हं. तू टाकी झाकायच्या आधीच मी मासे शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवले होते. पाणी एवढं हिरवंगार, तुला कळलंसुद्धा नाही."

तिच्या हातातल्या बरणीत दोन्ही मासे गरगर फिरत होते.

टाकीतून उत्तर आलं. एक. दोन. तीन. चार.

पाचवी टक काचेवर वाजलीच नाही. ती अस्तराच्या आतून थेट माझ्या बोटावर पडली.