पर्यायी जागा

दुर्बीण डोळ्यांवरून खाली न घेता अण्णासाहेब म्हणाले, “बघ रेवती, पद्धत बरोबर असली की फळ मिळतंच.”

समोरच्या चार एकरांत एवढे पक्षी त्यांनी कधीच पाहिले नव्हते. कापलेल्या पट्ट्यात टिटव्या धावत होत्या. उंच गवताच्या कडेला तित्तर बोलत होता. वरवर नांगरलेल्या पट्ट्यात बगळ्यांची दाटी झाली होती. आणि मधोमध सारसांची जोडी उभी होती, जवळजवळ माणसाच्या उंचीची. ही जोडी एरवी रस्त्यापलीकडच्या तलावात दिसे. संध्याकाळच्या फेरीत अण्णासाहेब तिला, आणि या पावसाळ्यापासून तिच्या पिल्लालाही, काठावरून पाहत. त्यांच्या जमिनीवर ती आज प्रथमच उतरली होती.

मानेसरच्या पलीकडची ही जमीन अण्णासाहेबांनी सरकारी बांधकाम खात्यात अभियंता असताना घेतली होती. ती पक्ष्यांसाठी राखावी, ही कल्पना त्यांच्या मुलीची, रेवतीची. ती गुरुग्राममध्ये पर्यावरण सल्लागारांच्या कार्यालयात काम करत असे. जमीन नुसती सोडून भागत नाही, हे मात्र अण्णासाहेबांनी स्वतः अभ्यासून ठरवले. मोकाट सोडलेले गवत माजते, त्याचा गुंता होतो, जमिनीवरच्या पक्ष्यांना चालायला वाट उरत नाही. म्हणून त्यांनी तीन पट्टे आखले. एक पावसाळा संपल्यावर कापायचा, एक वरवर नांगरायचा, एकाला हात लावायचा नाही, आणि दर वर्षी पाळी बदलायची. विणीच्या काळात ट्रॅक्टर फाटकाबाहेर. गावातले लोक हसत. “साहब घास की खेती करते हैं,” असे एकमेकांना सांगत.

आज मात्र रेवती एका खास पाहुणीला घेऊन आली होती. वृंदा माथूर. “आमच्या कामातल्या आहेत, त्यांना तुमचं काम बघायचंय,” एवढेच तिने सांगितले होते. अण्णासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

“आपने तो कमाल कर दिया, सर,” वृंदा माथूर म्हणाल्या.

“कमाल कुछ नहीं, मॅडम. सिर्फ क्रम है.” त्यांनी कोणता पक्षी कोणत्या पट्ट्यात का येतो, ते नीट समजावून सांगितले. एकच गोष्ट त्या क्रमात बसत नव्हती. नांगरटीत एक कमळपक्षी फिरत होता. त्याची लांब बोटे पाण्यावरच्या पानांवर चालण्यासाठी असतात. तो ढेकळांवर अडखळत होता. दोन पाणकोंबड्या कोरड्या गवतात अंग चोरून बसल्या होत्या. अण्णासाहेबांनी दुर्बीण त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, “ये लोग नयी जगह परख रहे हैं.”

“बिल्कुल! गुरुवार को भराव शुरू हुआ और आज सब यहाँ. इतनी जल्दी शिफ्टिंग होगी, ये तो हमारी कंपनी में किसी ने सोचा नहीं था.”

“कसला भराव?” अण्णासाहेबांच्या तोंडून मराठीच निघाले.

वृंदा माथूर यांनी रेवतीकडे पाहिले. “मैं ज़रा एक फोन कर लूँ,” म्हणत त्या गाडीकडे गेल्या.

“तलावाचा, बाबा,” रेवती म्हणाली. “तिथे त्यांची गोदामं होतायत. पक्ष्यांसाठी पर्यायी जागा दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नव्हती.”

“आणि ती जागा ही.”

तिने मान हलवली.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

अण्णासाहेबांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. नोकरीत त्यांनी ठेकेदारांची कितीतरी खोटी कामे पकडली होती. या कामाचे ठेकेदार ते स्वतःच होते, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

“बुधवारी तू मला पानिपतला आत्याकडे सोडून आलीस,” ते म्हणाले. “स्वतः गाडी चालवत. चार दिवस राहा, म्हणालीस.”

“तुम्हाला ते बघवलं नसतं.”

“तू बघितलंस?”

 रस्त्यापलीकडून डंपर मागे घेतानाची शिट्टी ऐकू आली. सकाळपासून ती वाजत असणार. इथे रस्त्याची कामे नेहमीच चालतात, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नव्हते.

“तलाव जाणारच होता, बाबा. आज नाही तर पुढच्या वर्षी. मी अडवून तो थांबला नसता, यार, माझ्या जागी दुसरं कोणी आलं असतं. मी म्हटलं, निदान जायला जागा तरी असावी त्यांना.” तिचा आवाज चढला. “तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर केले असते तुम्ही हे पट्टे?”

“नसते केले.”

“मग आज हे सगळे कुठे गेले असते? सांगा ना. तुमच्यामुळे वाचले ते. बघा तरी एकदा. आले की नाही सगळे?”

 मुलीच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा सोपे, म्हणून त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली. सारसांनी माना उंच केल्या होत्या. दोघे मिळून ओरडत होते, तलावाकडे तोंड करून. अण्णासाहेबांनी जोडीच्या पायांजवळचे गवत पाहिले. मग कापलेला पट्टा पाहिला, मग नांगरट, मग उंच गवताची कड, शेवटी रस्त्यापर्यंतचा बांध. सावकाश, एकही जागा न सोडता.

त्यांनी दुर्बीण रेवतीच्या हातात दिली.

“सगळे नाही,” ते म्हणाले. “यांच्या पिल्लाला अजून उडता येत नाही.”