भुर्र

"भुर्र म्हणजे नक्की कुठे?" गाडीत बसता बसता निमिषने परत विचारलं.

"डायनासोर पार्कला," मी म्हणाले. त्याच्या कपाळावरची आठी हलली नाही. मागच्या वेळी 'भुर्र' म्हणून आम्ही त्याला टोचायला नेलं होतं, आणि सहा वर्षांचा माझा मुलगा असलं काही विसरत नाही.

धाकटी डरकाळ्या फोडत होती. हा मात्र आरशातून बाबाला न्याहाळत होता. "सीटवर चिप्स सांडले तरी बाबा ओरडत का नाहीये? आणि तू सारखी माझ्या केसांतून हात का फिरवतेस?"

"गप बस जरा!" मी खेकसले. तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

पार्कच्या फाटकातच सिमेंटचा डायनासोर उभा होता, नारळाच्या झाडाएवढा. धाकटी पळत सुटली. निमिष मान वर करून बघत राहिला, मग त्याने माझी ओढणी धरली.

"आई, एवढा मोठा डायनासोर दाखवताय, मग इंजेक्शन केवढं असेल?"

उद्या माझं ऑपरेशन होतं, आणि ते पोरांना सांगायचा धीर आम्हाला होत नव्हता. मी खाली बसले.

"तुला नाही रे टोचणार," मी म्हणाले. "मला."