उशाकडची फळी

“हे गेल्यापासून पलंग खायला उठतो रे. त्याची खुर्ची कर,” असं आजींनी सुताराला सांगितलं होतं. सुताराने जीव ओतून केली. उशाकडच्या फळीवर तेलकट काळा डाग होता. तो चारदा रंधा मारून घालवला आणि तीच फळी खुर्चीच्या पाठीला लावली. आज आजी खुर्ची न्यायला आल्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. “इथला डाग?” “गेला की! नवीकोरी दिसतेय ना?” सुतार खुशीत म्हणाला. “ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा होता तो. चाळीस वर्षं घासला मी, ह्यांच्या नावाने खडे फोडत. ह्यांच्यासारखाच हट्टी, जागचा हलला नाही.” आजी खुर्चीत बसल्याच नाहीत. सुताराने कोपऱ्यातलं रंध्याच्या सालपटांचं पोतं उपडं केलं, तिथेच मांडी घातली आणि एकेक सालपट उचलून नाकाला लावू लागला.